डावीकडची हवा

"रिपोर्टला अजून किती वेळ?" धाकट्यानं तिसऱ्यांदा विचारलं. स्कॅन सेंटरच्या खिडकीतल्या बाईंनी मानही वर केली नाही.

सकाळी दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून आडवे झाले होते. थोरल्याचा उजवा गाल फुग्यासारखा टम्म. धाकट्याला खरचटलंही नव्हतं. पण स्कूटर चालवत होता तोच, त्यामुळे बाकावर बूड टेकत नव्हतं. डाव्या कानात पाणी गेल्यासारखी करंगळी खुपसत नुसत्या येरझाऱ्या.

वहिनीचा फोन आला. दादाचं तोंड उघडत नाही हे कळल्यावर ती म्हणाली, मग दोन दिवस असू दे तसंच. धाकटा फोन उजव्या कानाला धरून खो खो हसला.

थोरल्याला दवाखान्याचा वासही सोसत नसे. शाळेत लस टोचणारे आले की हा संडासात दडायचा आणि धाकटा दोनदा दंड पुढे करायचा. आजही मघाशी स्कॅनच्या मशीनचं भोक बघूनच त्याला घाम फुटला होता. धाकट्यानं गोंजारत त्याला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. नंतर काचेपलीकडून ऑपरेटरनं नाव विचारलं. थोरल्याचं तोंड बंद, नाव धाकट्यानंच सांगितलं. पाच मिनिटांत खेळ खलास.

आता 'काही नाही, घरी जा' एवढंच ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. "जबडा शाबूत आहे."

थोरल्यानं धाकट्याला डोळा मारला.

"पण जबड्याच्या डाव्या सांध्यात हवा आहे." पडद्यावर कानापुढं काळा ठिपका होता.

"गॅसचा त्रास त्याला लहानपणापासून आहे," धाकटा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. सांध्यात हवा आपोआप शिरत नाही, त्या म्हणाल्या. कानाचं हाड तडकलंय, तिथून आलीय. चीर इतकी बारीक की फोटोत सापडतही नाही. अंगावर काढलं तर जंतू थेट मेंदूपर्यंत. घरी जायचं नाव काढायचं नाही.

मग त्यांनी थोरल्याचा गाल पाहिला, पुन्हा पडदा पाहिला.

"सूज उजवीकडे आणि हवा डावीकडे? डाव्या कानातून काही येतंय का?"

थोरला नाही म्हणून मान हलवायला लागला आणि मध्येच थांबला. हळूच धाकट्याकडे वळला.

धाकट्यानं डाव्या कानातून करंगळी बाहेर काढली. टोक ओलं होतं, लालसर.

"नाव दादाचं सांगितलं," तो म्हणाला. "मशीनमध्ये मी झोपलो होतो."