जाळीमागचा आवाज

भवानीनगरची राजनंदिनी नवरा आणि सासूबरोबर गोव्यातलं जुनं चर्च बघत होती. सोनेरी नक्षीनं झगमगणाऱ्या वेदीपुढं नवरा, युवराज, फोटो काढण्यात गुंगला होता. कोपऱ्यातल्या कोरीव लाकडी खोलीत पाद्री बसतात आणि लोक जाळीशी तोंड नेऊन मनातलं सांगतात, असं गाइड म्हणाला होता. आसपास कुणी नाही असं बघून ती जाळीपुढं गुडघ्यांवर बसली.

“मला घरी जायला भ्या वाटतंय,” ती कुजबुजली. “ह्यांनी गेल्या म्हैन्यात माझा गळा दाबला. कुणाला सांगितलंस तर जित्ती ठेवणार न्हाय म्हणाले.”

आत कुणीतरी हललं. ओळखीचा खोकला ऐकू आला. टेकायला जागा शोधत सासूबाईच आत जाऊन बसल्या होत्या.

“राजनंदिनी, कुठं हायस?” युवराजचा आवाज जवळ येत होता.

पडदा सारून कौसल्याबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं.

“ह्याचा बाप बी असाच हुता,” त्या हळूच म्हणाल्या. “चल, मागल्या दारानं. आधी तुझ्या म्हायेरी जाऊ.”