आडवी रेघ

रुंद चित्रासाठी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे जोडभिंग लावतात. ते केसभर जरी फिरलं, तरी माणसं तिरकी दिसतात. इळंगोचे अप्पा कोडंबाक्कमच्या स्टुडिओंत उभा जन्म काढलेले कॅमेरामन. ते पोराला सारखं बजावत, "चेहरा वाकडा दिसला तर चेहऱ्याला नावं ठेवू नकोस. आधी आपलं भिंग तपास."

आज इळंगोच्या पहिल्यावहिल्या सिनेमात अप्पाच म्हाताऱ्या नादस्वरम् वादकाचं काम करत होते. मॉनिटरवर फक्त त्यांचा चेहरा होता. बोलता बोलता त्यांचं तोंड एका बाजूला ओघळल्यासारखं दिसायला लागलं.

"कट! अप्पा, हलू नका. जोडभिंग सरकलंय."

"इतकी वर्षं शिकवलं, तरी बसवता येईना होय रे गाढवा?" अप्पांचे शब्द जड येत होते. इळंगोला वाटलं, रागावलेत.

त्याने स्क्रू सैल करून भिंग जरासं फिरवलं. तोंड वाकडंच. उलट्या बाजूला फिरवलं, तरी तेच. शेवटी त्याने अप्पांनीच शिकवलेली परीक्षा घ्यायची ठरवली. अप्पांच्या हातात टॉर्च दिला आणि भिंगाकडे रोखून धरायला सांगितलं. मॉनिटरवर उजेडाची निळी रेघ आडवी, सरळ उमटली की भिंग बरोबर बसलं म्हणायचं. पुन्हा स्क्रू पिळत पिळत त्याने ती जुळवत आणली.

रेघ अगदी सुतात आली. भिंगात आता काडीचाही दोष नव्हता. तोंड मात्र तसंच होतं.

"अप्पा?"



अप्पांच्या हातातून टॉर्च गळून पडला.