चंद्राची सुट्टी

"सर, आता पौर्णिमेलाही दुर्बीण चालेल!" ऋजुताने पडद्यावर आलेख दाखवला आणि आमच्या हातातले चहाचे कप हातातच राहिले.

आमची दुर्बीण गॅमा किरणांच्या मागावर असते. ते हवेत शिरले की क्षणभर निळसर उजेड चमकतो, काजव्यापेक्षाही मंद. भर चांदण्यात कॅमेरा उघडला तर तो जळायचाच. म्हणून पौर्णिमेचे पाच दिवस दुर्बीण बंद आणि आम्ही घरी. माझ्या पोरीचं बारसं, आमच्यातल्या मोघ्यांची वास्तुशांत, अकरा वर्षं सगळं पौर्णिमा बघूनच झालं. चंद्रच आमचा खरा साहेब. आणि या बयेने कॅमेऱ्याचं व्होल्टेज उतरवून, पुढे फिल्टर लावून त्यालाच घरी बसवलं!

टिळेकर सर भलतेच खूश झाले. "शाब्बास! वैशाखी पौर्णिमेपासून सुरू करू. पहिला मान तुझा. पाचही रात्री तूच बस."

ऋजुताचा चेहरा उतरला. "पण सर, तेव्हा माझं लग्न आहे. सुट्टी बघूनच मुहूर्त काढलाय."

"अगं, शोध तुझा. दुसरं कोण बसणार?"

ती पुन्हा आलेखाकडे वळली. मग हळूच म्हणाली, "सर, यात एक बारीकशी चूक राहिलीय वाटतं."

मी खुर्ची पुढे ओढली. मी दुर्बिणीच्या मोटारी सांभाळतो, आलेखातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ती चूक मला लगेच दिसली.