साफीचा काटा

तोंड उघडं, एक हात गळ्याशी, अशा अवस्थेत एक धिप्पाड गृहस्थ दवाखान्याचा जिना चढून आला. मागोमाग त्याची बायको. शुक्रवारची दुपार होती आणि आखातातल्या या झिंज वस्तीत सुट्टीच्या दिवशी एवढा एकच दवाखाना उघडा होता.

"जेवताना माशाचा काटा अडकला," बायको म्हणाली. "साफी होता. भाताचे गोळे गिळून झाले, केळं खाऊन झालं. उलट आणखीच आत गेला."

"नाव काय त्यांचं?" नर्स मुनीराने विचारलं. ती महाडची, मराठी ऐकून जरा मोकळी झाली.

"जयप्रकाश मोहिते. कर्नल मोहिते. रिटायर झाले, आता इथे एका कंपनीची सिक्युरिटी बघतात."

आतल्या खोलीत हात धूत असलेल्या डॉक्टरांनी नळ बंद केला.

मेजर डॉक्टर अर्शाक गालस्तान यांनी हा माणूस कधी पाहिला नव्हता, पण त्याचं नाव ते रोज घेत होते. गालस्तान घराणं आर्मेनियन. आजी-आजोबा तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचले, बसऱ्यामार्गे हिंदुस्थानात आले आणि पुण्याच्या कॅम्पात राहिले. आजी जेवणाआधी देवाचं नाव घ्यायची आणि त्यापाठोपाठ तिच्या भावांना मारणाऱ्याचं. लहानपणी अर्शाकला त्याची भीती वाटायची. पुढे तो फौजेत डॉक्टर झाला. त्याचा मुलगा वहान फौजेत लेफ्टनंट झाला आणि श्रीलंकेत सुरुंगावर पाय पडून गेला. चौकशीत वहानच्या कर्नलने सांगितलं, पोरगा घाबरला, हुकूम मोडून तुकडी भलत्याच रस्त्याने घेऊन गेला. त्यानंतर डॉक्टरांनी नोकरी सोडली, देश सोडला. आता जेवणाआधी तेही एक नाव घ्यायचे.

ते बाहेर आले.

"बसा, कर्नलसाहेब."

त्यांनी कपाळावरचा दिवा लावला, जीभ दाबून आत पाहिलं. टॉन्सिलच्या मागे काट्याचं टोक दिसत होतं. क्षणाचं काम होतं. मुनीराने घसा बधिर करायचा स्प्रे पुढे केला.

"नको."

"सर, उमासे येतील त्यांना."

"येऊ देत."

डॉक्टरांनी लांब चिमटा आत घातला, काटा पकडला आणि ओढला नाही.

"माझं नाव गालस्तान," ते म्हणाले. "लेफ्टनंट वहान गालस्तान माझा मुलगा."

कर्नलचे डोळे विस्फारले. त्याने उठायला खुर्चीचे हात धरले.

"हलू नका. काटा आत तुटला तर घसा कापावा लागेल."

कर्नल हलला नाही. उमाशांनी त्याची छाती उडत होती, डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. मुनीरा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरांचा हात अगदी स्थिर होता. फार दिवसांनी सपाटून भूक लागावी तसं त्यांना वाटत होतं. आणखी थोडा वेळ, असं म्हणत त्यांनी आणखी थोडा वेळ चिमटा तसाच धरून ठेवला. मग तो सोडवून बाहेर काढला. काटा आतच राहिला.

"त्या रस्त्याने त्याला कोणी पाठवलं?"

कर्नलने बायकोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. रक्त थुंकला.

"मी."

"ऐकू आलं नाही."

"मी पाठवलं. मी!"

डॉक्टरांनी एका झटक्यात काटा काढला आणि ट्रेमध्ये टाकला.

कर्नलने चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं, शर्ट नीट खोचला. आवाज परत आला तसा त्यातला हुद्दाही परत आला.

"असं विचारलंत तर कुणीही काहीही कबूल करेल, मेजर. याला बाहेर काडीची किंमत नाही. तुमचं लायसन्स मात्र या आठवड्यात जाईल. चल, हेमा."

कर्नल म्हणाला ते खरं होतं. त्याच्या तोंडून जे निघालं होतं ते रक्तासारखं बेसिनमध्ये वाहून गेलं होतं.

हेमा उठली नाही.

"आणि दारू चढली की घरी रडत रडत सांगता, तेव्हा कोण चिमटा धरून बसलेलं असतं?"



"खलास, हेमा, पुरे झालं. खाली गाडीत बस."

"तुम्ही व्हा पुढे."

कर्नल क्षणभर तिच्यासमोर उभा राहिला. मग गेला. जिन्यावरून त्याची पावलं उतरताना ऐकू आली.

डॉक्टर हेमाकडे वळले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"चौकशी चालू होती तेव्हाही?"

तिने होकारार्थी मान हलवली. पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "रस्ता आधी तपासून होऊ दे, सर, असं म्हणाला होता तुमचा मुलगा. हे त्याला सगळ्या जवानांसमोर हसले. बांगड्या भर म्हणाले. मग तो गेला. सगळ्यांच्या पुढे चालत गेला."

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा काढला. तो ठेवायला त्यांना टेबल सापडेना. मुनीराने तो त्यांच्या हातातून घेतला.

खाली गाडीचा हॉर्न वाजू लागला. थांबून थांबून, मग सलग. मुनीरा खिडकी लावायला निघाली.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "वाजवू दे त्याला."

त्यांनी स्टूल ओढलं आणि हेमाच्या अगदी समोर बसले.

"पहिल्यापासून सांगा, बाई. वहान काय बोलला, शब्द न् शब्द."

हेमाचे ओठ सुकले होते. "थोडं पाणी मिळेल का?"

"मिळेल," डॉक्टर म्हणाले. "आधी सांगा."