घर ऑफलाइन आहे

"परत गेला!" नंदकुमारने मोबाइल मांडीवर आपटला. हॉलचा एसी अ‍ॅपमधून पुन्हा गायब झाला होता.

सकाळपासून तो एसी चोविसावर आणत होता आणि एसी आपला आपण अठरावर जात होता. कुवेतच्या सालमियातली ऐन जुलैची दुपार, कबूल. पण अठरा म्हणजे निव्वळ माज!

"तुम्हाला उकडतंय का?" वीणाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"प्रश्न उकडण्याचा नाही, शिस्तीचा आहे."

"आज जमलं नाही तर ते अ‍ॅप काढून टाकायचं. शब्द दिलाय तुम्ही."

दिला होता खरा. बँकेत असताना तो नुसता खाकरला तरी अख्खा मजला गप्प व्हायचा. मग नोकरी गेली. आता पोरगा कानात ते पांढरे बोळे घालून फिरायचा आणि वीणा भाजी निवडता निवडता हूं हूं करायची. उरले होते चार दिवे, दोन एसी आणि दाराचं कुलूप. त्यांनीही ऐकायचं सोडलं तर माणसाने करायचं काय?

त्याने सर्फराजला फोन लावला. रत्नागिरीच्या या सर्फराजनेच सगळं बसवून दिलं होतं.

"साहेब, उठून एसीचं बटण दाबा की."

"बटणच दाबायचं असतं तर एवढं सगळं जोडलं कशाला असतं रे?"

"तेही खरंच. मग अ‍ॅपमधून बाहेर पडा नि परत आत या."

तो बाहेर पडला, परत आत आला. दिवे सापडले. एसीही सापडला, तो त्याने शिक्षा म्हणून बंदच करून टाकला. शेवटी कुलूप आलं. त्याने कुलपाचा आकड्यांचा कोडही रद्द केला. आता दार फक्त त्याच्या बोटावर उघडणार होतं.

"वीणा, ऐकलं गं! कुलपाने माझं ऐकलं!"

तेवढ्यात मोबाइलवर दारातलं चित्र उमटलं. कडेवर मूल, हातात सामानाची पिशवी, एक बाई कुलपाची बटणं दाबत होती. भरदिवसा!

"ए बाई, कोणाच्या दाराशी खेळतेस?" तो मोबाइलमध्ये ओरडला.

बाई दचकली नाही. तिने थकून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"काका, उघडा ना हो, बाळ घामाने निथळतंय. हे घर सामानासकट आम्हाला देऊन तुम्ही पुण्याला गेलात, त्याला आता वर्ष होईल."