दुखलं तर हात वर कर

आमच्या बालीत लग्नाआधी वरच्या सहा दातांना कानस लावतात. गार पाण्यानंही दातांत कळ जायची, म्हणून माझी लेक काडेक चार वर्षं तो विधी टाळत होती.

"मेमे, मी मरेन तिथंच," म्हणायची.

"तुझी आई मेली का तिथं?" मी म्हणायचे.

शेवटी देनपसारला नेऊन तिच्या दातांना लेझर करून आणलं. येताना स्कूटरवर मागं बसून पोरीनं मुद्दाम माझ्या कानाशी बर्फ कडाकडा चावला. विधीचा दिवसही ठरला. त्याच्या आधीच डेंग्यूनं तिला नेलं.

राहिलेला विधी चितेआधी करावाच लागतो. कानस टेकवताना म्हातारे पुरोहित सवयीनं तिला म्हणाले, "दुखलं तर हात वर कर, पोरी."



"नाही दुखायचं," मी म्हणाले. "लेझर केलंय तिचं."