शरदिनीचं बारसं

पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, ब्रह्मा घाटावरची निम्मी गल्ली बिंदुमाधवशास्त्र्यांच्या माडीवर येऊन बसली. पाळण्यात मात्र बाळाऐवजी फोटो होता. काळ्या कागदावर एक पांढरा ठिपका.

ठिपका म्हणजे लघुग्रह, मंगळ आणि गुरू यांच्या मधोमध फिरणारा दोन कोसांचा धोंडा. नात देवश्रीला तो सापडल्याला आज बारावा दिवस, म्हणून चौऱ्याऐंशीच्या शास्त्रीबुवांनी बारसं मांडलेलं. नावही ठरलेलं, शरदिनी. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं.

देवश्री विद्यापीठातून आली ती दारातच थबकली.

"आजोबा, अहो, नाव असं लगेच नाही देता येत."

"का? सुतक आहे?"

"आधी कक्षा पक्की व्हावी लागते. सूर्याभोवतीचा एक फेराच साडेचार वर्षांचा. दर पंधराएक महिन्यांनी तो नीट दिसणार. असा चार-पाच वेळा सांगितल्या जागी सापडला, की त्याला नंबर मिळतो. मग मी नाव सुचवायचं. सात वर्षं तरी धरा."

शास्त्रीबुवांनी मनात बेरीज केली. गेली अकरा वर्षं दर संक्रांतीला तिळगूळ देता देता ते गल्लीचा शेवटचा निरोप घेत आले होते. स्वतःच्या चितेसाठी आणलेलं चंदनाचं खोड खाटेखाली इतकं मुरलं होतं, की घरातल्या मुंग्यासुद्धा त्याला वळसा घालून जात.

"म्हणजे आधी चालचलन बघायचं, मग नाव ठेवायचं," ते म्हणाले. "हे आपल्यापेक्षा शहाणपणाचं आहे."

शेजारचे रत्नाकर घुगऱ्या चघळत म्हणाले, "शास्त्रीजी, पण तुम्ही तर या संक्रांतीला पक्के निघणार होतात. अब क्या? वर जाऊनच वहिनींना सांगा."

"काय सांगू? काम अडकलंय म्हणून? तिला अर्धवट निरोप कधी चालला होता?"

रत्नाकरांनी घुगऱ्यांची आणखी एक मूठ घेतली.

शास्त्रीबुवा उठून आत गेले. खाटेखाली खुडबुड झाली. बाहेर आले ते खोड काखेत मारून, आणि थेट सहाणेपुढे बसले. थोडं पाणी टाकून ते संथपणे गंध उगाळू लागले.

"आजोबा, ते तर तुमचं..." देवश्री म्हणाली.

त्यांनी पहिलं बोट ठिपक्याशेजारी टेकवलं, दुसरं तिच्या कपाळाला. मग खोड उजेडात धरून खालून वर न्याहाळलं.

"बेताबेतानं उगाळलं, तर पुरेल सात वर्षं."